जाळाचा हिशेब

कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत वितळलेल्या लोखंडाचा रस १४८० अंशांवर तयार आहे, पण साच्यांच्या पेट्या अजून लागलेल्या नाहीत. भट्टी नुसती तापत ठेवायची म्हणजे मीटर फिरतो आणि ओतकाम शून्य.

कोल्हापूरच्या पश्चिमेला, विशाळगड, पन्हाळा, भुदरगडच्या डोंगरांत एकेकाळी खनिजापासून लोखंड काढलं जायचं. रानातलं लाकूड जाळून कोळसा पाडायचा आणि भात्याच्या छोट्या भट्टीत खनिज गाळायचं, हे धावडांचं, म्हणजे लोखंड गाळणाऱ्या समाजाचं काम. एकोणिसाव्या शतकात ते बंद पडलं. खनिज होतंच, पण सरपण महागलं आणि विलायती लोखंड स्वस्तात मिळू लागलं.

आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात तीनशेच्या आसपास फौंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने आहेत. इथे खनिज गाळत नाहीत, लोखंड वितळवून ओततात. पिग आयर्न, म्हणजे खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड, गोवा आणि कर्नाटकातून येतं, साच्यांची वाळू सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याकडून. २०११ मध्ये बेल्लारीच्या आणि २०१२ मध्ये गोव्याच्या खाणी थांबल्या, तेव्हा घाटापलीकडचा निर्णय इथल्या चार्जपर्यंत, म्हणजे भट्टीत भरायच्या मालापर्यंत कसा पोचतो ते दिसलं.

पिगला पर्याय म्हणजे स्टीलचं भंगार. भंगार हे फक्त नाव, भाव विचारला की कळतं! पण त्यात कार्बन जेमतेम ०.१ टक्का, आणि ग्रे आयर्नला, म्हणजे नेहमीच्या ओतीव लोखंडाला हवा ३.३. एक टनाचा चार्ज घेऊ: ५०० किलो स्टील, ४०० किलो रनर-रायझरचा (साच्यात रस नेणाऱ्या, पुरवणाऱ्या वाटांत थिजलेल्या लोखंडाचा) परतीचा माल, १०० किलो पिग. तिन्ही मिळून कार्बन भरतो सुमारे १८ किलो, लागतो ३३. उरलेल्या १५ किलोंसाठी साधारण १७ किलो कार्बुरायझर, म्हणजे कार्बन वाढवणारी पूड घालावी लागते, कारण थोडा कार्बन जळून, थोडा रसावरच्या मळीत जातो. कार्बुरायझर भंगाराबरोबर तळाशी घालायचा. शेवटी वरून टाकला तर रसावर तरंगतो आणि कार्बन कमी भरतो.

स्वस्त कार्बुरायझरमधून नायट्रोजन येतो. रसात तो ०.०१ टक्क्याच्या वर गेला की जाड भागात भेगांसारख्या पोकळ्या पडतात, त्याही बहुधा मशिनिंगला दिसतात, म्हणजे टूल, मजुरी, वेळ सगळं खर्चून झाल्यावर. दुसरी अडचण उलटी आहे. जुन्या कुपोलात, म्हणजे कोक जाळून चालणाऱ्या उभ्या भट्टीत, कोकमधून गंधक आपोआप मिळायचं. इंडक्शनमध्ये स्टील वाढवलं की ते फार खाली येतं, इनॉक्युलंट (कडा कडक होऊ नयेत म्हणून ओतण्याआधी घालायचं मिश्रण) नीट लागू पडत नाही आणि पातळ कडा पांढऱ्या, कडक होतात. तिथे ड्रिल तुटतं. म्हणून आयर्न सल्फाइड टाकून गंधक ०.०५ टक्क्याच्या वर आणायचं. ज्या गंधकाला जन्मभर शिव्या दिल्या, ते आता विकत घ्यायचं.

मग येतं वीजबिल. एक टन रसाला ६०० युनिट धरू. रनर-रायझर वजा जाता ६५ टक्के माल हाती येतो. त्यातला ८ टक्के रिजेक्ट झाला तर राहिले ६०० किलोंच्या आत. म्हणजे चांगल्या टनामागे हजार युनिट, तेही फक्त वितळवण्याचे. वर मागणी आकार, म्हणजे मंजूर विजेच्या भारावरचा आकार, वेगळा, आणि भट्टी दिवसाच्या कोणत्या वेळी चालवली यावरही दर बदलतो.

पिग-भंगाराचे भाव हलले तर मोठा गिऱ्हाईक ठरलेल्या मुदतीने दर बदलून देतो. विजेचं तसं होईलच असं नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाशी घासाघीस करण्याआधी फौंड्रीवाला यील्ड, म्हणजे ओतलेल्या रसातून हाती येणारा माल बघतो: रायझर लहान करता येईल का, एका पेटीत तीनऐवजी चार नग बसतील का, भट्टीचं झाकण खरंच बंद असतं का.

इथे झाकण अजून उघडंच आहे. पेट्या मोजून झाल्या, रस ओतायचं भांडं, पहिला लॅडल, पुढे सरकतोय. रस २० अंशांनी उतरलाय, म्हणून पुन्हा पॉवर चढवावी लागेल.