बोटीच्या आदल्या रात्री

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी आटोपली की हल्ली आमच्या सांगलीत एक नवा प्रश्न कानावर येतो. "क्रूझचं बुकिंग केलंय. सकाळी मुंबईत पोचलो तर चालेल ना?" बोट संध्याकाळी सुटणार, रात्रीची गाडी सकाळी पोचणार, मग मधल्या एका रात्रीचे हॉटेलचे पैसे कशाला घालवायचे? हिशेब सरळ वाटतो. मला आज याच हिशेबाबद्दल तुमच्याशी बोलायचंय, कारण तो चुकलेला मी अगदी जवळून पाहिलाय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बोटीच्या आदल्या रात्री झोपायचं ते मुंबईत. आणि मुंबईत म्हणजे धक्क्याजवळ. ठाण्यात नाही, पनवेलला नाही, मामाकडे विरारला तर नाहीच. धक्क्याजवळ.

का, ते थोडक्यात. क्रूझच्या कागदावर दोन वेळा छापलेल्या असतात. एक बोट सुटण्याची, दुसरी चेक-इन बंद होण्याची. आपण पहिली पाठ करतो आणि दुसरीकडे बघतसुद्धा नाही. बोट पाचला सुटणार असेल, तर दार साडेतीनलाही बंद होऊ शकतं. प्रवाशांची यादी पुरी करून वर द्यायची असते, आणि बोट बाहेर काढायला वाट दाखवणारा बंदराचा पायलट आणि तिला ओढणाऱ्या टग बोटी ठरल्या वेळेला आलेल्या असतात. आपली एसटी हात केला की कधीकधी थांबते. बोट थांबत नाही. म्हणून घरच्या कॅलेंडरवर लिहायची ती वेळ दुसरी, चेक-इन बंद होण्याची.

आता आत्याची गोष्ट सांगते.

२०२२ सालचा नोव्हेंबर. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर आम्ही चौघं निघालो होतो. मी, आमचे हे, माझी आत्या आणि तिचा कॉलेजात शिकणारा नातू. आत्या तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. ती लग्न होऊन विजयदुर्गला गेली, आणि तिचे यजमान मुंबईत गोदीत कामाला. त्यामुळे लग्नानंतर कितीतरी वर्षं तिची ये-जा कोकण बोटीनेच व्हायची. त्या काळी बोटीच्या आदल्या रात्रीच माणसं वळकट्या घेऊन बंदरावर येऊन पडायची. पहाटे बोट आली की पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, तिच्यापर्यंत जायचं. उशिरा आलेल्याने काठावर उभं राहून नुसता धूर बघायचा. आत्याने तो धूर एकदा बघितलाय. कडेवर सहा महिन्यांचं मूल होतं आणि पुढची बोट तीन दिवसांनी.

तर बुकिंग झाल्या दिवसापासून तिचं एकच. "आदल्या दिवशी गोदीजवळ मुक्काम करायचो." मी म्हटलं, "आत्या, डोंबिवलीला माझा मावसभाऊ आहे. तो किती दिवस बोलावतोय. वहिनी वाट बघतेय. लॉजवर कशाला राहायचं?" ती म्हणाली, "भावाकडे परतताना जाऊ गो. बोट काय आपल्यासाठी थांबत नाय. आपण बोटीसाठी थांबायचं."

मला ते पटलं नाही. मावसभावाला वाईट वाटेल, हेच माझ्या मनात. शेवटी असं ठरलं की शुक्रवारी रात्रीच्या महालक्ष्मीने सगळ्यांनी एकत्र निघायचं. शनिवारी सकाळी मी आणि हे कल्याणला उतरून डोंबिवलीला गेलो. आत्या आणि नातू त्याच गाडीने पुढे सीएसएमटीला गेले.

शनिवारी दुपारी आत्याने काय केलं, ते मला नंतर नातवाने सांगितलं. स्टेशनजवळच्या लॉजवर तिने तासभर डोळा लावला, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "चल, वाट बघून येऊ." म्हणजे उद्याची वाट आजच चालून बघायची. जीपीओच्या, म्हणजे मोठ्या पोस्टाच्या, घुमटासमोरून वालचंद हिराचंद मार्गाने ती नातवाला घेऊन चालत बॅलार्ड पिअरकडे, म्हणजे क्रूझ सुटते त्या धक्क्याकडे गेली. अठरा मिनिटं लागली. मध्ये एकदा बसली, ती धरून अठरा.

इथे क्षणभर थांबते, कारण त्या रस्त्याच्या पाटीपाशी मी थांबल्याशिवाय राहत नाही. वालचंद हिराचंद आपल्या सोलापूरचे. त्यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडला निघाली. तो दिवस आपण आज राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळतो. सीएसएमटीहून बोटीला चालत जाणारा माणूस त्या पाटीखालून जातो. सोलापूरच्या शाळांच्या सहली गेटवेला येतात, घारापुरीच्या लेण्यांना जातात. त्यांना त्या पाटीखाली पाच मिनिटं उभं करावं, असं मला फार वाटतं.

तर आत्या गेटवर पोचली. मुंबईच्या गोदीची फाटकं रंगाने ओळखतात. यलो गेट, ग्रीन गेट, ऑरेंज गेट. क्रूझसाठी ग्रीन गेट. आत्याला हे रंग तिच्या यजमानांच्या तोंडून पाठ होते. तिने पहारेकऱ्याला विचारलं, टॅक्सी कुठपर्यंत येते, दार किती वाजता उघडतं, किती वाजता बंद होतं, झेरॉक्स चालते का. आणि लॉजच्या पावतीच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने लिहून घेतलं. ती पावती मी जपून ठेवलीय, आज समोर घेऊन बसलेय. आत्याचं मोठं, सुटं अक्षर. "हिरवा गेट. १२ ते ३॥. आधार मूळ. म्हाताऱ्यांना खुर्ची आहे." तीनच्या पुढे दोन उभ्या रेघा, जुन्या पद्धतीने साडेतीन.

आता रविवार. आम्ही डोंबिवलीत. वहिनीने पुरणपोळ्या केल्या होत्या, उठू देईना. मावसभाऊ म्हणाला, "तासा-सव्वा तासाचा रस्ता, कशाला घाई?" सव्वाबाराला घर सोडलं. प्लॅटफॉर्मवर आलो तर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या कमी आणि उशिरा. श्रोतेहो, रविवार म्हटलं की मध्य रेल्वेवर दुपारचा मेगाब्लॉक ठरलेलाच, मुंबईकराला ते सांगावं लागत नाही. आपण बाहेरगावचे, आपल्या लक्षात राहत नाही. पहिल्या लोकलमध्ये दोन बॅगा घेऊन चढताच आलं नाही. दुसरी एक वाजून गेल्यावर आली. ती थांबत थांबत भायखळ्याला पोचली तेव्हा अडीच वाजले होते, आणि तिथे ती हलेना.

हे म्हणाले, उतरू आणि टॅक्सी करू. खाली आलो, टॅक्सी मिळाली. मी म्हटलं, "बोटीला जायचंय, लवकर." माझी चूक या एका वाक्यात आहे. मी "बोट" म्हटलं, आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्याला बोट म्हणजे भाऊचा धक्का. मोऱ्याची लाँच तिथून, रेवसची तिथून, मांडव्याची मोटारी नेणारी रो-रो बोट तिथून. त्याने सरळ तिकडे नेलं. मासळीचा वास आला, टोपल्या दिसल्या, लाँचची रांग दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. तीनला पाच कमी होते.

तेवढ्यात फोन वाजला. आत्याने नातवाच्या फोनवरून केला होता. मी म्हटलं, "आत्या, आम्ही चुकलो, आम्ही भाऊच्या धक्क्यावर आहोत." ती एका शब्दाने रागावली नाही. म्हणाली, "टॅक्सीवाल्याला फोन दे." आणि फोनमधून तिचा खणखणीत आवाज मला ऐकू आला, "ग्रीन गेट. बॅलार्ड पिअर. डिमेलो रस्त्याने सरळ ये, बाबा." तो माणूसही भला. "हां माँजी" म्हणाला आणि त्याने गाडी वळवली. ट्रकांमधून वाट काढत आम्ही ग्रीन गेटला पोचलो, तेव्हा तीन वीस.

आत्या आत गेलीच नव्हती. सव्वाबारापासून ती फाटकाबाहेरच्या सावलीत बॅगेवर बसून होती. बॅगेच्या मुठीला तिने तांबडी नाडी बांधलेली. आम्ही उतरलो तशी उठली आणि म्हणाली, "आधार हातात घ्या." दुसरं काही नाही. साडेतीनला दार लागलं तेव्हा आम्ही आत होतो. आमच्या मागून एक कुटुंब धावत आलं, दोन लहान मुलं होती. ते बाहेर राहिले. त्या मुलांचे चेहरे मला अजून दिसतात, आणि खरं सांगायचं तर आज हे बोलायला मी बसले ती त्यांच्यासाठीच.

बोट सुटल्यावर आत्या वरच्या डेकवर गेली ती रात्री उशिरापर्यंत खाली आली नाही. विजयदुर्गच्या बाजूला तोंड करून बसली होती. कोकण बोट पुन्हा सुरू व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. चैनीची नव्हे, साधी बोट. वळकटी टाकून झोपता येईल अशी, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण करत जाणारी. गणपतीत महामार्गावर जी माणसं रात्रभर ताटकळतात, त्यांच्यातल्या निम्म्यांनी ही बोट धरली असती. पण गणपतीत समुद्र खवळलेला असतो, ही अडचण आहे खरी. मग निदान दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तरी चालू करा.

असो. आता कामाचं भराभरा सांगते, कागद-पेन्सिल घ्या.

लॉज घेताना "पोर्टजवळ" या शब्दावर विसंबू नका. न्हावा-शेवालाही पोर्टच आहे, आणि ते खाडीपलीकडे. नकाशावर अंतर मोजायचं ते ग्रीन गेटपासून. फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, सीएसएमटीचा परिसर, यापलीकडे जाऊ नका. फोनवर दोन प्रश्न विचारा. खोली कितव्या मजल्यावर, आणि लिफ्ट आहे का? फोर्टातल्या जुन्या इमारतींचे लाकडी जिने उभे असतात, गुडघे दुखणाऱ्यांना तीन मजले म्हणजे शिक्षा. तिसरंही विचारा. खोली किती वाजता मिळते आणि किती वाजता सोडायची? सकाळी सातला पोचून दोनपर्यंत पायरीवर बसलेली माणसं मी बघितलीत. रेल्वेचं तिकीट असेल, तर स्टेशनवरची रिटायरिंग रूमही त्या पीएनआरवर घेता येते.

गाडी शक्यतो सीएसएमटीपर्यंत जाणारीच घ्या. कुर्ल्याच्या टर्मिनसला उतरणारी गाडी स्वस्त पडली, तरी पुढे टॅक्सीत ते पैसे जातात. रात्रीच्या खासगी बसने येणार असाल, तर बस नेमकी कुठे सोडते ते विचारून घ्या. शीव, दादर, वाशी, प्रत्येकाचं वेगळं. आणि बोरघाटात अडकलात तर कितीला पोचाल, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणूनच आदला दिवस.

विमानाने येणाऱ्यांनी विमान कुठल्या विमानतळावर उतरतंय ते तिकिटावर बघावं, कारण आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झालाय. मुंबईच्या जुन्या विमानतळावर उतरलात, तर भुयारी मेट्रो तीन तुम्हाला थेट सीएसएमटीला आणते. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत धावते. आम्हाला तेव्हा ही मेट्रो मिळाली नाही.

रिक्षाची वाट बघू नका. वांद्रे आणि शीवच्या पुढे दक्षिणेला रिक्षा नाही. काळी-पिवळी करा, आणि टॅक्सीत बसताना "बोट" म्हणू नका. "ग्रीन गेट, बॅलार्ड पिअर" म्हणा. पुन्हा म्हणते, ग्रीन गेट, बॅलार्ड पिअर. मुंबईचं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झालंय, तेही याच बाजूला आहे. तरी तुमच्या कागदावर कुठलं फाटक छापलंय ते वाचा, आणि तेच नाव टॅक्सीवाल्याला दाखवा. चाकांच्या बॅगांवर मात्र भरवसा ठेवू नका. पेव्हर ब्लॉकच्या फूटपाथवर चाकं अडकतात, तुटतात. हे ब्लॉक कोणी शोधून काढले, कोण जाणे. आमच्या सांगलीतही आता सगळीकडे तेच.

मोठी बॅग धक्क्यावरच घेतात आणि ती खोलीत तासा-दोन तासांनी येते. म्हणून बीपीच्या गोळ्या, चष्मा, मूळ ओळखपत्र आणि एक कपडा खांद्यावरच्या पिशवीत. लहान मुलांचंही ओळखपत्र घ्या, ते आपण हमखास विसरतो.

आणि नातेवाईक. त्यांच्याकडे जायचं, जरूर जायचं, पण परतताना. आम्ही तेच केलं. बोट सकाळी मुंबईला लागली, तिथून आम्ही चौघं डोंबिवलीला गेलो. मावसभावाने दार उघडलं. त्याचा चेहरा जरा पडलेलाच होता. आत्याने त्याच्या हातात गोव्याच्या काजूंची पिशवी ठेवली, चपला काढल्या आणि म्हणाली, "आता दोन दिवस राहतंय. आता खाली बोट थांबलेली नाय."