बिघाड नाही, तरीही तक्रार

[दृश्य: नव्या हार्ड डिस्कचं खोकं उघडलं जातं. केबल जोडली जाते. स्क्रीनवर आकडा उमटतो.]

खोक्यावर छापलंय एक टेराबाइट, म्हणजे हजार जीबी. विंडोज दाखवतंय ९३१ जीबी.

उरलेले ६९ गेले कुठे? नवी डिस्क घेणाऱ्याला हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडतो, आणि उत्तर ऐकून समाधान फारसं कुणाचं होत नाही. कारण गेलेलं काहीच नसतं. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात. विंडोज १,०२४ च्या पटीत मोजतं आणि तरीही त्याला जीबीच म्हणतं. डिस्क मोठी, तशी तूटही मोठी. आठ टेराबाइटची डिस्क जोडा, दिसतील ७.२७.

यात कुणी खोटं बोललेलं नाही, आणि खरी चीड त्याचीच येते. बंद पडलेला टीव्ही परत नेता येतो, जळालेला चार्जर टेबलावर आपटता येतो. पण जी वस्तू चालते, फक्त आपण समजलो होतो तशी चालत नाही, ती घेऊन जायचं कुठे? समोरचा बटण दाबतो, दिवा लागतो. "चालतंय की!"

[दृश्य: जुन्या संगणकाचा मदरबोर्ड, मधोमध प्रोसेसर.]

बिघाड कशाला म्हणायचं, हे ठरवतो कोण? १९९४ साली हा प्रश्न जगभर गाजला. अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवर, म्हणजे ११ आणि १३ सारख्या दोनाच्या फरकाच्या जोड्यांवर, काम करत होते. त्यांची बेरीज जुळेना. आधी स्वतःचा प्रोग्राम तपासला, मग एकेक शक्यता बाद करत ते पोचले इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरपर्यंत. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या तक्त्यात पाच नोंदी राहून गेल्या होत्या. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागलं, की यायला हवं १.३३३८. पेंटियम सांगायचा १.३३३७.

इंटेलचं म्हणणं होतं की सामान्य माणसाला ही चूक सत्तावीस हजार वर्षांतून एकदा भेटेल. सुरुवातीची भूमिका तर आणखी मजेशीर: तुमच्या कामाला अचूक भागाकार लागतो हे पटवून द्या, मग चिप बदलून देऊ. गणित अचूक यावं म्हणून संगणक घेतला, एवढं कारण पुरेसं नव्हतं! लोक भडकले, चेष्टा सुरू झाली, आयबीएमने त्या चिपचे संगणक पाठवणं थांबवलं. अखेर २० डिसेंबरला इंटेलने जाहीर केलं की मागेल त्याला चिप बदलून मिळेल, कारण विचारलं जाणार नाही. त्यापोटी हिशेबात धरलेली रक्कम होती ४७.५ कोटी डॉलर.

त्यानंतरच्या गोष्टींतही हा क्रम पुन्हापुन्हा दिसतो. कुणीतरी चिकाटीने मोजतो. कंपनी म्हणते, तुम्हाला फरक पडणार नाही. मग आणखी लोक मोजायला बसतात.

[दृश्य: ग्राफिक्स कार्ड. पडद्यावर मेमरीचे दोन भाग, एक मोठा, एक लहान.]

एनव्हिडियाचं जीटीएक्स ९७० हे ग्राफिक्स कार्ड, साल २०१४. मेमरी चार जीबी. वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं की साडेतीन जीबीच्या पुढे काहीतरी अडतंय. जानेवारी २०१५ मध्ये उलगडा झाला: चार जीबी होती खरी, पण त्यातला शेवटचा अर्धा जीबी बाकीच्यापेक्षा खूपच मंद. कार्डाच्या पोटातल्या काही भागांचे आकडेही प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगितले गेले होते. अमेरिकेत खटला झाला, आणि तडजोडीत प्रत्येक कार्डामागे तीस डॉलर द्यायचं ठरलं. गंमत म्हणजे कार्ड वाईट नव्हतं. खूप जणांनी ते पुढे कितीतरी दिवस आनंदाने वापरलं. आकडा खरा सांगितला असता, तरी त्यांनी घेतलंच असतं.

[दृश्य: उघडलेली हार्ड डिस्क, फिरणारी तबकडी.]

हार्ड डिस्कच्या जगातली २०२० ची घटना मात्र इतकी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तबकडीवर माहितीच्या गोल रेषा असतात. कमी जागेत जास्त माहिती बसवायची, तर या रेषा कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवता येतात. वाचायला अडचण नाही. पण मधलीच एक रेषा बदलायची, तर तिच्या शेजारच्याही उचलून पुन्हा लिहाव्या लागतात. या तंत्राला एसएमआर म्हणतात. क्वचित लिहायच्या साठ्याला ते उत्तम.

वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' डिस्क विकल्या जात होत्या घरच्या नॅस सर्व्हरसाठी, म्हणजे चार-चार डिस्क जोडून एक निकामी झाली तरी माहिती शाबूत राहावी, अशा पेटीसाठी. त्यातल्या दोन ते सहा टेराबाइटच्या काही डिस्कमध्ये एसएमआर होतं आणि ते कुठे नमूद केलेलं नव्हतं. निकामी डिस्कच्या जागी नवी बसवली, की पेटी तिच्यावर तासन्‌तास सलग लिहीत राहते. एसएमआर नेमकं इथे दमतं. डिस्क उत्तर द्यायला इतका वेळ लावायची, की काही यंत्रणा तिलाच बिघडलेली समजून बाहेर काढायच्या. माहिती वाचवण्याच्या ऐन क्षणी! एप्रिल २०२० मध्ये कंपनीने एसएमआर वापरल्याचं मान्य केलं. पुढे रेषा एकमेकींवर न चढवणाऱ्या, जुन्या पद्धतीच्या डिस्कना 'रेड प्लस' असं वेगळं नाव मिळालं.

एसएसडीत, म्हणजे तबकडीऐवजी चिपच्या पेशींत माहिती ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, हीच गोष्ट आणखी चलाखीने होते. वेगाचा जो आकडा ठळक छापतात, तो बहुधा कॅशचा, म्हणजे आतल्या छोट्या पण वेगवान जागेचा असतो. नवी माहिती आधी घाईघाईने एका पेशीत एकच बिट अशी उतरवली जाते, आणि सवडीने तीन किंवा चार बिट एका पेशीत कोंबले जातात. दहा-वीस जीबीच्या फायली हलवणाऱ्याला कॅशची हद्द कधी कळतही नाही. शंभर-दोनशे जीबीचा बॅकअप घेणाऱ्याला मात्र वेग धाडकन कोसळलेला दिसतो.

त्यात आतला मालच बदलला तर? क्रुशियलच्या पी२ या एसएसडीमध्ये सुरुवातीला तीन बिटांच्या पेशी होत्या. चाचण्या झाल्या, कौतुक झालं. २०२१ मध्ये उघड झालं, की त्याच नावाखाली आता चार बिटांच्या, बऱ्याच मंद पेशी येतायत. त्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलच्या एसएन५५० मध्येही नाव तेच ठेवून आतली मेमरी बदलल्याचं दिसलं. चाचणी वाचून खरेदी करणारा माणूस खरं तर सर्वांत सावध ग्राहक. त्याने वाचलेली चाचणी एका वस्तूची, हातात पडलेली दुसरीच. माझ्या मते या सगळ्यात जास्त आक्षेपार्ह प्रकार हाच.

[दृश्य: एकसारख्या दिसणाऱ्या केबल्सचा ढीग.]

केबलबद्दल थोडक्यात. यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही तीन नावं एकाच वेगाची, सेकंदाला पाच गिगाबिट. टोकं सारखी, पोटात काय तारा आहेत ते बाहेरून दिसत नाही. गूगलचे अभियंते बेन्सन लेउंग यांनी २०१५ मध्ये बाजारातल्या यूएसबी-सी केबल्स एकेक करून तपासायला घेतल्या. एक टोक यूएसबी-सी आणि दुसरं जुनं चौकोनी, अशा केबलमध्ये ५६ किलोओहमचा रोधक लागतो. स्वस्त केबल्समध्ये निघाला दहाचा, म्हणजे केबल फोनला सांगणार, खुशाल तीन अँपियर ओढ, मग चार्जरची कुवत असो वा नसो. २०१६ मध्ये एका केबलच्या तारा चक्क उलट जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा लॅपटॉप कामातून गेला.

[दृश्य: भिंतीवरचं स्मार्ट उपकरण. दिवा विझलेला.]

वस्तू घरात आली, की सौदा संपला असं आता म्हणता येत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही ऑफिसजेट प्रिंटरनी, तोवर बिनतक्रार चालणारी इतर कंपन्यांची शाईची काडतुसं नाकारायला सुरुवात केली. त्याच वर्षी मे महिन्यात रिव्हॉल्व्ह नावाचं घरातले दिवे सांभाळणारं उपकरण बंद पडलं. बिघाड शून्य. ते बनवणारी कंपनी नेस्ट या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली होती. नेस्टने सर्व्हर बंद केला, बस्स.

[दृश्य: मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह.]

आणि जिथे खरोखरच खोटेपणा असतो, तिथे वस्तू सर्वांत झकास चालते. बनावट पेन ड्राइव्हच्या कंट्रोलरलाच, म्हणजे त्याचा कारभार पाहणाऱ्या चिपलाच, खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. संगणक त्यावर विश्वास ठेवतो. आतली खरी चिप भरली, की पुढच्या फायली कुठेच उतरत नाहीत किंवा आधीच्यांवर लिहिल्या जातात. नावं दिसतात, आकार दिसतो, चूक झाल्याचा संदेश येत नाही. सहलीचे फोटो उघडायला जावं तेव्हा कळतं.

हे पकडायचा उपाय कंटाळवाणा आहे, पण फुकट आहे. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३. ही साधनं ड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून पाहतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात. आत काही साठवायच्या आधी आणि परत करण्याची मुदत उलटायच्या आत, एकदा रात्रभर लावून ठेवा.