दोराच्या दुसऱ्या टोकाला

(दृश्य: पहाटेचे बडोदे. काळा घोडा चौकात थांबलेली मिनीबस. टपावर सॅक आणि दोराच्या पिशव्या चढवल्या जात आहेत.)

बडोदे हे सपाटीवरचे शहर आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची जेमतेम ३५ ते ४० मीटर भरते. पावसाळा सरल्यावर हवा स्वच्छ असेल, तर उंच इमारतीच्या गच्चीवरून ईशान्येकडे पावागडाची आकृती दिसते. शहरातून वाहणारी विश्वामित्री त्याच डोंगरात उगम पावते. अंतर सुमारे ५० किलोमीटर, उंची सुमारे ८०० मीटर. कालिकामातेच्या दर्शनाला जाणाऱ्यांसाठी तेथे पायऱ्या आहेत आणि माचीपासून वर जायला उडनखटोला, म्हणजे रोपवेही आहे.

असे असताना दांडियाबाजार, रावपुरा किंवा मांजलपूरमधील माणसे गिर्यारोहण मंडळाचे सभासद का होतात? डोंगर सर्वांचा आहे, वाट मोकळी आहे आणि भ्रमणध्वनीत नकाशाही आहे. मग वार्षिक वर्गणी भरायची, रविवार सरावात घालवायचे आणि दुसऱ्याने आखलेल्या शिस्तीत चालायचे ते कशासाठी? नवा सभासद घरी अर्ज घेऊन येतो, तेव्हा बहुतेक घरांत हा प्रश्न विचारला जातो. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर कातळाच्या पायथ्याशीच नीट मिळते.

(दृश्य: कातळाचा पायथा. जमिनीवर अंथरलेली ताडपत्री, तिच्यावर सोडलेला दोर.)

साठी ओलांडलेले एक निवृत्त बँक अधिकारी हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बसणारा पट्टा, बांधून उभे आहेत. दोराचे टोक त्यांनी हार्नेसच्या दोन्ही फासांतून ओवून आठाच्या गाठीने बांधले आहे. त्यांच्यासमोर महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकणारी एक मुलगी उभी आहे. ती त्यांना बिले देणार आहे, म्हणजे ते वर चढत असताना खालून दोर सांभाळणार आहे. 'काका, गाठ दाखवा,' असे ती म्हणते. गाठीतले दोन-दोन पदर शेवटपर्यंत समांतर गेले आहेत की नाहीत, हे ती बोटाने चाचपते, उरलेले टोक पुरेसे लांब आहे का ते पाहते आणि कमरपट्टा ओढून बघते. त्यानंतर काका तिचे दोर अडवणारे उपकरण तपासतात. दोर योग्य बाजूने आत गेला आहे ना, कॅराबिनरचे, म्हणजे उपकरण हार्नेसला अडकवणाऱ्या धातूच्या कडीचे कुलूप फिरवून बंद झाले आहे ना, हे ते स्वतः हात लावून पाहतात. एरवी तिने वडीलधाऱ्यांना असे तपासणे कोणाला खटकले असते. येथे तपासले नाही तरच ते खटकते.

यानंतर ठरलेल्या सूचना दिल्या जातात. 'बिले ऑन', म्हणजे दोर सांभाळायला तयार, हे ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही, दोर सैल हवा असेल तर 'स्लॅक' म्हणायचे, आणि वरून काही निसटले तर दगड असो की पाण्याची बाटली, एकच हाक मोठ्याने द्यायची. मंडळात घरी मराठी बोलणारे आहेत, गुजराती बोलणारे आहेत, हिंदी बोलणारेही आहेत. वाऱ्यात लांब वाक्य ऐकू येत नाही, म्हणून सर्वांसाठी शब्द थोडे आणि ठरीव ठेवलेले आहेत.

काका कातळावर सहा-सात मीटर चढतात, उजवा पाय घसरतो आणि ते दोरावर लटकतात. दोर सांभाळणारा मुलीचा हात जागच्या जागी घट्ट मिटतो आणि उपकरणातील घर्षण उरलेले काम करते. ही प्रतिक्रिया चित्रफीत पाहून हाताला लागत नाही. ती शेकडो वेळा, कोणीतरी जाणत्याने शेजारी उभे राहून चुका सांगितल्यावर अंगवळणी पडते. प्रस्तरारोहण एकट्याने शिकता येत नाही, कारण दोराला दुसरे टोक असते आणि त्या टोकाला ओळखीचे, पारखलेले माणूस लागते. मंडळाचे सभासद होण्याचे पहिले आणि सर्वांत खरे कारण आम्हाला हेच वाटते.

(दृश्य: साहित्याची खोली. खुंट्यांवर टांगलेले हेल्मेट, क्रमांक घातलेले कॅराबिनर, एक जाड वही.)

दुसरे कारण या खोलीत आहे. चढाईचा दोर बाजारातल्या साध्या दोरासारखा नसतो. आतील गाभा भार पेलतो, बाहेरचे विणलेले आवरण त्या गाभ्याचे रक्षण करते आणि झटका बसल्यावर पूर्ण दोर ताणला जाऊन तो झटका सौम्य करतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एकेरी वापराच्या दोराने ८० किलो वजनाची किमान ५ प्रमाणित पतने, म्हणजे चाचणीत वजन पडून बसणारे झटके, सहन करावी लागतात. असा दोर, त्याच्या जोडीला हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर आणि स्लिंग (शिवलेल्या पट्टीचे फास) एका माणसाने घ्यायचे म्हटले, तर नोकरीला नुकत्याच लागलेल्या तरुणाला ते परवडणे कठीण जाते. मंडळात हेच साहित्य सर्वांचे असते.

साहित्य सामायिक असले की जबाबदारीही सामायिक होते, आणि तिचा पुरावा म्हणजे ही वही. कोणता दोर कधी विकत घेतला, कोणत्या दिवशी कोठे वापरला, त्यावर मोठे पतन झाले का, कड्याच्या धारेवर तो घासला गेला का, याच्या नोंदी तिच्यात आहेत. दोरावर पाय द्यायचा नाही, कारण बुटाखालची वाळूची कणी आवरणातून आत शिरून धागे कापत राहते. तो उन्हात वाळत घालायचा नाही. मोटारीच्या बॅटरीजवळ तो ठेवायचा नाही, कारण आम्लाने नायलॉनचे नुकसान होते आणि ते डोळ्यांना दिसेलच असे नाही. शंका आली की दोर बाद करायचा. दुसऱ्याच्या मालकीचा, इतिहास ठाऊक नसलेला दोर अंगाला बांधण्यापूर्वी माणसाने दहा वेळा विचार करावा. वहीतल्या दोराबाबत तो विचार मंडळाने आधीच केलेला असतो.

बडोद्याच्या मराठी घरांना ही रीत अनोळखी वाटू नये. प्राध्यापक माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरामुळे या शहराचे नाव देशभर झाले, ते वस्ताद, सवंगडी आणि नेम यांच्या बळावर. तालमीत नाव घालणे म्हणजे उस्तादाच्या नजरेखाली येणे होते. गिर्यारोहण मंडळही तसेच चालते.

जगातील पहिली गिर्यारोहण संस्था, अल्पाइन क्लब, १८५७ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. भारतात हिमालयन क्लब १९२८ मध्ये सुरू झाला. हिमालयातील चो ओयू शिखरावरच्या १९५८ च्या मोहिमेसाठी नेमलेल्या समितीतून पुढे इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन उभे राहिले. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या ८ गिर्यारोहकांनी २०१२ मध्ये एव्हरेस्टचे शिखर गाठले, तेव्हा त्यांच्यामागे सह्याद्रीतील कड्यांवर एकत्र घालवलेली वर्षे होती. ही नावे मोठी आहेत, पण त्यांचीही सुरुवात आठवड्याच्या सुटीत एकत्र जमणाऱ्या माणसांपासूनच झाली आहे.

(दृश्य: सापुताऱ्याचा घाट. पुढे बागलाणातील डोंगररांग.)

बडोद्याहून सह्याद्रीला जायचे म्हणजे रात्रभराचा प्रवास. वाटेत सोनगड लागते, जेथे बडोद्याच्या आधी गायकवाडांची राजधानी होती, आणि सापुतारा ओलांडले की हातगड, मुल्हेर, साल्हेर असा गडांचा प्रदेश सुरू होतो. साल्हेर १,५६७ मीटर उंच आहे. महाराष्ट्रात कळसूबाईखालोखाल त्याचाच क्रमांक लागतो. १६७२ ची मराठ्यांची प्रसिद्ध लढाई याच्या पायथ्याशी झाली. इतिहास वाचून येथे येणारे बरेच असतात, मात्र गडाची वाट इतिहास वाचणाऱ्याला वेगळी सवलत देत नाही. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर पाय कसा टाकावा, पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळकोरीव पायऱ्यांवर वजन कोठे ठेवावे, आग्या मोहोळ असलेल्या कड्याखालून जाताना धूर आणि उग्र सुगंधी द्रव्ये का टाळावीत, या गोष्टी त्या डोंगरात आधी जाऊन आलेला सोबती सांगतो.

मंडळाच्या मोहिमेत पुढे एक म्होरक्या चालतो आणि सर्वांत शेवटी एक अनुभवी सभासद चालतो, ज्याच्या मागे कोणीही राहायचे नसते. या शेवटच्या माणसाबद्दल फार कमी बोलले जाते. त्याला शिखरावर सर्वांत उशिरा पोहोचावे लागते, पाऊण वेळ तो सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने चालतो, आणि कोणाचा बूट फाटला, कोणाच्या पायात गोळा आला किंवा कोणाचे पाणी संपले, तर ते सर्वांत आधी त्यालाच कळते. ज्या मंडळात हे काम करायला जाणती माणसे आपणहून पुढे येतात, ते मंडळ चांगले समजावे.

(दृश्य: कसोल येथील शिबिर. तंबूंच्या रांगा, मागे देवदारांचे रान.)

१९४९ मध्ये स्थापन झालेल्या यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाच्या सभासदत्वामुळे सामान्य मध्यमवर्गीय कुटुंबांना हिमालय आवाक्यात आला. हिमाचल प्रदेशातील कसोलहून निघणारी सार पास या खिंडीची वाट साधारण ४,२०० मीटरपर्यंत चढते. चाळीस मीटरवर राहणाऱ्या बडोदेकराच्या शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा दररोज साधारण ३०० ते ५०० मीटरहून अधिक उंचावू नये, अधूनमधून विश्रांतीचा दिवस घ्यावा आणि डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा चक्कर सुरू झाली, तर त्याच उंचीवर थांबावे, असे शिकवले जाते. त्रास वाढत असेल, तर खाली उतरणे हाच उपाय आहे.

पण उंचीच्या आजारातली अडचण अशी, की ज्याला तो होतो, त्याला तो मान्य नसतो. सुटी काढलेली असते, पैसे भरलेले असतात, 'मला काही झालेले नाही' असे तो सांगत राहतो. अशा वेळी त्याला वर्षभर ओळखणारा सोबती उपयोगी पडतो. एरवी तंबूत सर्वांना हसवणारा माणूस संध्याकाळपासून गप्प आहे, नेहमी दोन वाट्या खिचडी खाणाऱ्याने आज ताट तसेच ठेवले आहे, सरळ चालणारी ताई तंबूच्या दोरीला दोनदा अडखळली आहे, हे परक्या माणसाच्या लक्षात येणे कठीण आहे. पावागडाच्या उन्हात, साल्हेरच्या पावसात ज्यांनी एकमेकांना थकलेले पाहिले आहे, त्यांना ते चटकन कळते.

पैसे भरून सहलीला नेणाऱ्या व्यवसायांपैकी काहींचे काम उत्तम आहे आणि वर्षातून एकदाच डोंगरात जाणाऱ्याला तेच सोयीचे आहे. परंतु ग्राहकाचे नाते उतरण पूर्ण झाली की संपते. सभासदाला पुढच्या रविवारी दोर धुवायला यायचे असते. परतीचा निर्णय झाला, तर तो का झाला, हे त्याला बैठकीत विचारता येते, आणि काही वर्षांनी तोच निर्णय त्याला स्वतःला घ्यावा लागतो. पुढे शिकायची इच्छा असेल, तर मंडळच त्याला दिशा दाखवते. गुजरात शासनाची माउंट आबू येथे पर्वतारोहण संस्था आहे, जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी प्रशिक्षण केंद्र आहे आणि त्यापुढे १९५४ मध्ये स्थापन झालेली दार्जिलिंगची व १९६५ मध्ये स्थापन झालेली उत्तरकाशीची संस्था आहे. तेथील बर्फावरच्या प्रशिक्षणासाठी शरीर किती तयार हवे, हे सांगणारे सभासद मंडळातच भेटतात.

आणखी एक गोष्ट शहरात बसून दिसत नाही. डोंगरात अपघात झाला, की बऱ्याचदा मदतीला सर्वांत आधी गावकरी आणि गिर्यारोहण मंडळांचे स्वयंसेवक पोहोचतात. महाराष्ट्रात अशा मंडळांनी मिळून बचावकार्याचे समन्वय केंद्र चालवले आहे. दरीत उतरून जखमीला स्ट्रेचरवर बांधून वर ओढणारी ही माणसे दिवसा कारखान्यात, शाळेत, दुकानात काम करतात. त्यांच्या सरावाचा खर्च वर्गणीतून निघतो, त्यामुळे जो सभासद स्वतः कधी बचावाला जाणार नाही, त्याचाही त्यात वाटा असतो.

(दृश्य: मंडळाचे कार्यालय. टेबलावर सभासदत्वाचा अर्ज.)

अर्जात रक्तगट, आजारांची माहिती आणि तातडीच्या वेळी कळवायचा क्रमांक भरायचा असतो. तो खराच भरावा. दमा किंवा रक्तदाब लपवणाऱ्याची किंमत सोबत्यांनाही मोजावी लागते. सही करण्यापूर्वी अर्जदारानेही चार प्रश्न विचारावेत. मोहिमेचे नेतृत्व करणाऱ्यांनी कोठे प्रशिक्षण घेतले आहे? दोराची वही दाखवता येईल का? वनखाते किंवा पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, तेथे ती घेतली जाते का? मागच्या वर्षी किती वेळा शिखर न गाठता परत फिरलात? या शेवटच्या प्रश्नाला मोकळेपणाने, तारखेसह आणि कारणासह उत्तर मिळाले, तर अर्ज भरायला हरकत नाही.