साडेएकोणतीस वर्षांचा रोखा

(दृश्य: न्यूयॉर्क, लिबर्टी स्ट्रीट. दगडी इमारत, खिडक्यांना लोखंडी गज.)

२३ सप्टेंबर १९९८, बुधवार. ही न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह बँक, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची म्हणजे ‘फेड’ची शाखा. एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या बड्या बँकांचे प्रमुख आज इथे एका टेबलाभोवती बसले आहेत. शेजारच्या कनेटिकट राज्यातल्या ग्रीनिच गावचा एक फंड, बड्या गुंतवणूकदारांचा पैसा बाजारात लावणारी संस्था, बुडायला आला आहे. तो बुडाला तर आपलं काय होईल, हा प्रश्न त्यांना इथे घेऊन आला आहे.

फंडाचं नाव लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट. सॉलोमन ब्रदर्स या वॉल स्ट्रीटवरच्या पेढीत कर्जरोख्यांच्या व्यवहारात नाव कमावलेले जॉन मेरिवेदर त्याचे प्रमुख. भागीदारांमध्ये रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स होते. दोघांनाही १९९७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेलं. डेव्हिड मुलिन्स तर फेडचेच माजी उपाध्यक्ष. फेब्रुवारी १९९४ मध्ये काम सुरू झालं आणि पुढची दोन पूर्ण वर्षं, १९९५ आणि १९९६, गुंतवणूकदारांना ४० टक्क्यांहून जास्त परतावा मिळाला.

हा पैसा यायचा कुठून? एकच व्यवहार नीट पाहू.

(दृश्य: टेबलावर दोन रोखे, शेजारी शेजारी.)

अमेरिकी सरकारने आज ३० वर्षांचा रोखा काढला. त्याच्या शेजारी सहा महिन्यांपूर्वी काढलेला दुसरा रोखा आहे, त्याची साडेएकोणतीस वर्षं उरलीत. दोन्हींचे पैसे देणारं सरकार तेच. पण नवा रोखा बाजारात हातोहात खपतो, म्हणून थोडा महाग. जुना थोडा स्वस्त. हा फंड जुना विकत घ्यायचा आणि नवा उसनवार घेऊन विकायचा. काही महिन्यांत नवाही जुना होतो, दोघांचे भाव जवळ येतात, उसना घेतलेला रोखा स्वस्तात घेऊन परत करता येतो, आणि मधला फरक पदरात पडतो.

हिशेबात कुठेही खोट नाही. पण हा फरक अगदी चिमूटभर. त्यातून ४० टक्के काढायचे तर व्यवहार डोंगराएवढा हवा, आणि डोंगर उभा करायला कर्ज हवं. घेतलेला रोखा तारण ठेवायचा, त्यावर पैसे उचलायचे, त्यातून पुन्हा रोखे घ्यायचे. १९९८ च्या सुरुवातीला स्वतःचं भांडवल पावणेपाच अब्ज डॉलरच्या आसपास होतं आणि ताब्यातली मालमत्ता सुमारे १२५ अब्जांची. म्हणजे एका डॉलरमागे पंचवीसेक डॉलरचा पसारा. शिवाय ताळेबंदात न दिसणारे डेरिव्हेटिव्ह करार, म्हणजे दुसऱ्या कशाच्या तरी भावावर बेतलेले करार, वेगळे, दर्शनी किमतीने लाख कोटी डॉलरच्या वर.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगेल. इथे अंथरूण किती आहे हे कर्ज देणाऱ्यांनीच पाहिलं नाही. प्रत्येक बँकेला फक्त आपल्यापुरतं तारण दिसत होतं. फंडाने आणखी कुणाकुणाकडून उचल घेतली आहे, हे कुणी खोदून विचारलं नाही. माझ्या मते खरी चूक इथे झाली. नोबेलवाल्यांच्या गणिताला सगळ्यांनी नावं ठेवली, पण असं डोळे झाकून कर्ज देणाऱ्यांना फारसं कुणी बोललं नाही.

१७ ऑगस्टला रशियाने रूबलचं अवमूल्यन केलं आणि देशांतर्गत कर्जाची फेड थांबवली. जगभरचे गुंतवणूकदार धास्तावले. सगळ्यांना एकच वस्तू हवी झाली: सर्वात सुरक्षित, लगेच विकता येईल अशी. म्हणजे नवा रोखा. जवळ यायचे ते दोन भाव आणखी लांब गेले. फंडाने इतर देशांत, इतर बाजारांत केलेले व्यवहारही असेच उलटले. ते एकमेकांपासून अलग आहेत, एकदम बुडणार नाहीत, असं गृहीत धरलं होतं. पण घाबरलेला माणूस बरं-वाईट निवडत बसत नाही, हाताला लागेल ते विकतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

२१ ऑगस्टच्या एका दिवसात सुमारे ५५ कोटी डॉलर गेले. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भांडवल एक अब्जाच्याही खाली आलं. विकून मोकळं व्हावं तर घेणार कोण? ज्यांनी घ्यायचं, त्यांच्याकडेही तेच रोखे होते.

(दृश्य: पुन्हा लिबर्टी स्ट्रीट.)

त्या बुधवारी वॉरन बफे यांच्या गटाने फंड २५ कोटी डॉलरना मागितला. उत्तरासाठी दुपारी साडेबारापर्यंतची मुदत दिली. ते जमलं नाही. मग बँकांनी वर्गणी काढली. अकरा संस्थांनी प्रत्येकी ३० कोटी, आणखी तिघांनी बरेच कमी. एकूण ३.६ अब्ज डॉलर, आणि बदल्यात फंडाची ९० टक्के मालकी. त्या तिघांपैकी लेहमन ब्रदर्सने १० कोटी दिले. बेअर स्टर्न्सने नकार दिला. फेडने स्वतःचा एक डॉलरही घातला नाही, फक्त जागा दिली आणि माणसं बोलावली.

पुढे बाजार शांत झाला, भाव एकमेकांकडे सरकले, बँकांचे पैसे परत आले आणि २००० साली फंडाचा गाशा गुंडाळला गेला. मेरिवेदर आणि त्यांच्या भागीदारांची बहुतेक पुंजी तोवर गेली होती. त्यांचं गणित खरं ठरलं, पण वाट पाहायला लागणारा वेळ उसन्या पैशावर विकत मिळत नाही.

एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. फंड कोसळला त्याच वर्षी, १९९८ च्या मे महिन्यात, वायदे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगाच्या प्रमुख ब्रुक्स्ली बॉर्न यांनी या खासगी डेरिव्हेटिव्ह करारांवर देखरेख असावी का, असा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. फेड आणि अर्थखात्याने विरोध केला. सप्टेंबरात फंड कोसळला, तरीही ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संसदेने बॉर्न यांच्या आयोगाचेच हात काही महिन्यांसाठी बांधले. २००० च्या डिसेंबरात तर कायदाच करून यातले बहुतेक करार देखरेखीबाहेर ठेवले.

(दृश्य: तीच इमारत, संध्याकाळ.)

१२ सप्टेंबर २००८, शुक्रवार. बँकांच्या प्रमुखांना पुन्हा इथेच बोलावलं गेलं. बेअर स्टर्न्स मार्चमध्येच संपली होती. या वेळी वर्गणी लेहमनसाठी हवी होती. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी पहाटे लेहमनने दिवाळखोरीचा अर्ज दिला.