पळून गेलेली गाडी आणि गल्लीतला कुत्रा

(इंदूरच्या राजेंद्रनगरात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘श्वानदंश आणि सरकारी भरपाई’. मी तीस वर्षं विम्याच्या कचेरीत अपघाताचे दावे तपासले, तेव्हा भरपाईवर येतोच. पण आधी आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचं सांगू द्या.

सकाळचे सहा. ताई फाटकाशी पोचल्या आणि न भुंकता मागून आलेल्या कुत्र्यानं त्यांची पोटरी धरली. पायरीवर बसल्या तेव्हा साडीचा काठ रक्तानं चिकटलेला, पोटरीवर चार भोकं, दोन वर, दोन खाली. शेजारच्या काकू हळद-तिखट घेऊन धावत आल्या. म्हटलं, काकू, तिखट पोह्यांना ठेवा, आधी साबण आणा! नळाखाली पाय धरून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुतला. एवढं तरी आज घरी जाऊन सगळ्यांना सांगाच.

दवाखान्याच्या खिडकीवर प्रश्न सुरू झाले. कुत्रा पाळीव की भटका? रंग कोणता? गळ्यात पट्टा होता? ताई म्हणाल्या, “साहेब, मी पायाकडे बघत होते.” लस मिळाली. पण चावा खोल, रक्त आलेलं, म्हणजे तिसरी, सर्वांत गंभीर श्रेणी. अशा जखमेत लसीबरोबर सीरमही, म्हणजे रेबीजला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडं, टोचावं लागतं. ते तिथे नव्हतं. दुसरीकडे पाठवलं, तिथून तिसरीकडे. दुपारी अडीचला ते मिळालं. तोवर ताई एकच विचारत होत्या, आज पोळ्या कोण करणार? मग पुन्हा तिसरा दिवस, सातवा दिवस, आणि अठ्ठाविसावा अजून बाकी. लस फुकट आहे हो, पण रिक्षा फुकट नाही. आणि चार घरांपैकी दोन घरांनी खाडे धरून पैसे कापले. मला त्या चाव्यापेक्षा हे जास्त लागलं.

माझ्या नातवानं कुठेतरी वाचलं होतं. म्हणाला, “आजोबा, एका दाताचे दहा हजार, म्हणजे ताईंना चाळीस!” ताई पहिल्यांदा हसल्या. पोराचं खोटं नव्हतं. नोव्हेंबर 2023 मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं तसं ठरवून दिलं: दाताच्या प्रत्येक खुणेला किमान 10,000 रुपये, मांस तुटलं असेल तर दर 0.2 सेंटिमीटरला किमान 20,000. कागदपत्रांसह अर्ज आला की चार महिन्यांत निकाल. पण ते पंजाब, हरियाणा आणि चंदीगडपुरतं. आपला मध्य प्रदेश त्यात नाही.

कार्यवाह घड्याळ दाखवताहेत, सतारीची मंडळीही येऊन बसलीत. म्हणून मुख्य मुद्दा भराभर सांगतो.

धडक देऊन गाडी पळून गेली, नंबर सापडला नाही, तरी कायद्यानं मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50,000 मिळतात. 2022 पासून हे दर आहेत. गाडीचा रंग आठवत नाही म्हणून दावा फेटाळत नाहीत. बिबट्यानं माणूस जखमी केला तर वनविभाग भरपाई देतो. मग गल्लीतल्या कुत्र्यालाच वेगळा न्याय का? 2023 च्या नियमांनुसार नसबंदी आणि लस झालेला कुत्रा जिथून उचलला तिथेच परत सोडायचा असतो, आणि हे काम स्थानिक संस्थेचं. त्या नियमाला माझा विरोध नाही, मुक्या जिवावर राग तर मुळीच नाही. पण कुत्रा कायद्यानं आपल्या रस्त्यावर राहणार असेल, तर त्याच्या चाव्याचा भार एकट्या ताईंच्या पोटरीवर का?

माझं मागणं साधं आहे. दवाखान्याची पर्ची हाच दावा धरा. नगर निगमनं, म्हणजे आपल्या महापालिकेनं, आधी पैसे द्यावेत, कुत्रा पाळीव निघाला तर मालकाकडून नंतर वसूल करावेत. आणि दातांच्या खुणांबरोबर बुडालेले दिवसही मोजा. तसा अर्ज मी लिहून आणलाय, दाराशी टेबलावर आहे, सही करूनच जा.

आणि हो, ताईंचा अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस परवा, गुरुवारी आहे. ज्यांच्याकडे त्या जातात ती घरं याच वस्तीतली आहेत. त्यांनी त्या दिवसाचा खाडा धरू नये.