खिद्रापूरचा कवडसा आणि गुऱ्हाळाची काहील

श्रोतेहो, नमस्कार.

हातकणंगले तालुक्यात आळते गावाजवळच्या डोंगरात विपश्यना या ध्यानसाधनेचे एक केंद्र आहे. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी मी तेथे दहा दिवसांच्या शिबिराला गेलो. मोबाइल पहिल्याच दिवशी जमा होतो, पहाटे चारला घंटा होते आणि दहाव्या दिवसापर्यंत साधकांनी एकमेकांशी बोलायचे नसते, नजरेने किंवा खुणेनेसुद्धा नाही. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात येऊन ही साधना शिकवायला सुरुवात केली. शिबिराला शुल्क नसते. आधीच्या साधकांच्या दानातून पुढच्यांची सोय होते.

पहिले तीन दिवस काम एकच असते. नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास, जसा आहे तसा, जाणत राहायचा. तो लांबवायचा नाही, रोखायचा नाही, सोबत कोणताही जप करायचा नाही. शाळेत छत्तीस वर्षे मुलांना ‘लक्ष दे’ म्हणून सांगत आलेल्या मला दहा श्वाससुद्धा सलग पाहता येईनात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डोळ्यांत पाणी आले. तिसऱ्या संध्याकाळी मात्र वरच्या ओठावर श्वासाची किंचित ऊब जाणवली. एवढीच कमाई, पण ती मला आजही मोलाची वाटते.

शिबिरानंतर महिन्याभराने मी खिद्रापूरला गेलो. शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकातले कोपेश्वराचे हे देऊळ मी पूर्वी सहलींबरोबर अनेकदा पाहिले होते. पाठीवर देवळाचा भार पेलणारे हत्ती मुलांना दाखवायचे, समोर नंदी का नाही ते सांगायचे आणि अर्ध्या तासात बसमध्ये बसायचे. या वेळी स्वर्गमंडपात एका खांबाशी बसून राहिलो. या मंडपाचे छत मध्यभागी वर्तुळाकार उघडे आहे आणि त्याच्या बरोबर खाली तशीच गोल रंगशिळा आहे. वरून येणारा उन्हाचा कवडसा खांबांवरून हळूहळू सरकतो, त्याच्याबरोबर एकेका मूर्तीच्या बोटांना आणि दागिन्यांना उठाव येतो आणि मग ती पुन्हा सावलीत जाते. ज्या हातांनी ती बोटे घडवली, त्यांना कसलीही घाई नव्हती, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

तरीही, खरे सांगायचे तर, घरी आल्यावर काही आठवड्यांतच ती शांतता ओसरली. पहाटेची बैठक चुकू लागली, बारीकसारीक गोष्टींवरून आवाज चढू लागला. शांतता टिकवायची रीत मला एका गुऱ्हाळावर सापडली.

करवीर तालुक्यात आमच्या एका नातेवाइकांचे गुऱ्हाळ आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की मी आठवड्यातून दोन दिवस तेथे जातो. चुलवाणात वाळलेली चिपाडे सरकत असतात, वर काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उसाचा रस तापत असतो. त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की मळी, म्हणजे रसातली घाण, वर येते, आणि ती झाऱ्याने काढत राहणे हे माझे काम. घाई केली तर मळीबरोबर रस जातो, उशीर केला तर ती उकळीत पुन्हा मिसळते आणि गुळाचा रंग बिघडतो. एका आधणाला, म्हणजे एका काहिलीभर रसाला, दोन-तीन तास तरी लागतात, आणि तेवढा वेळ डोळे दुसरीकडे वळवता येत नाहीत.

एकदा मी गुळव्याला, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराला, काहीतरी विचारायला गेलो, तर तो काहिलीवरची नजर न काढता म्हणाला, “जरा थांबा मास्तर, काकवी झालीया, आता बोलून चालायचं नाही.” त्याने उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळून पाहिली आणि मगच काहील उतरवण्याची खूण केली. आळत्याला तीन दिवस बसून मी जे शिकू पाहत होतो, ते हा माणूस हंगामभर, दिवसातून कित्येकदा, धुरात उभा राहून करत होता.

आता पहाटे मी तासभर श्वास पाहत बसतो आणि सातच्या एसटीने गुऱ्हाळावर जातो. परवा मी मळी काढलेल्या आधणाचा गूळ गार करण्याच्या वाफ्यात ओतला, तेव्हा गुळव्याने त्याचा पिवळा रंग न्याहाळला आणि काही न बोलता पुढच्या आधणाचा झारा माझ्या हातात दिला.