गुलाब जंगली होत नसतो

समोर या बायाहो, खुर्च्या रिकाम्या आहेत, मागं बसून हे झाड दिसणार नाही. मागच्या महिन्यात या गावातल्या तिघीजणी मला वेगवेगळ्या भेटल्या आणि तिघींनी एकच विचारलं, की मॅडम, नर्सरीतून मोठ्या लाल फुलाचा गुलाब आणला, दोन वर्षं मस्त फुलला, आता नुसता वाढते, फूल नाही, आलं तर बारकं पांढरं झुपक्यात, तर गुलाब जंगली काहून झाला? अहो, तो जंगली झालाच नाही. तो मेला, आणि आपण दुसऱ्याच झाडाला पाणी घालत राहिलो.

आपण वरूडकडचे लोक, आपल्याला हे समजायला वेळ लागत नाही. संत्रा कसा करतात? जंभेरी, म्हणजे रानलिंबू, तिच्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या बुडख्यावर, संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, बांधून भरतात. शेंदुरजना घाटच्या नर्सऱ्यांचं कामच ते. बांधलेल्या जागेच्या खालून जंभेरी फुटली तर कास्तकार ती ठेवते का? लगेच काढून फेकते. हायब्रीड टी, म्हणजे नर्सरीतला तो मोठ्या फुलाचा गुलाब, त्याचंही तसंच आहे, खाली जंगली गुलाबाचा खुंट, वर आपल्याला पाहिजे त्या जातीचा डोळा. ती बारकी पांढरी फुलं त्या खुंटाची. वावरात जे डोळे मिटून करतो ते अंगणात विसरतो, एवढंच.

माझंही तसंच झालं होतं. मी आणलेल्या पहिल्या झाडाला बुडातून अशी जोरदार फूट आली की मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली, तिला काठीचा आधार दिला, शेणखत घातलं, आणि वरच्या फांद्या एकेक करून वाळत गेल्या तर मला वाटलं उन्हानं वाळल्या असतील. त्या गुलाबाचं मला अजूनही वाईट वाटते, कारण तो वाचला असता.

म्हणून झाड घरी आणलं की पहिले जोड शोधा. बुडाशी माती बाजूला करा, खोडावर एक गाठीसारखी फुगलेली जागा दिसते, तोच जोड. लावताना तो मातीच्या दोन-तीन बोटं वर राहू द्या. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, त्यात जोड गाडला गेला तर सडते, आणि खालून फूट आली तरी कळत नाही. खूप जण सांगतात की पाच पानांची फूट खरी आणि सात पानांची जंगली. यावर भरवसा ठेवू नका, चांगल्या हायब्रीड टीलाही कधी कधी सात पानं येतात, आणि तेवढ्यावरून चांगली फांदी कापून टाकलेली मी पाहिली आहे. पान मोजू नका, फूट निघाली कुठून ते बघा. गाठीच्या वरून निघाली तर आपली, ठेवा. खालून निघाली तर माती उकरून तिच्या मुळापर्यंत जा आणि हातानं ओढून काढा. कात्रीनं वरवर कापली तर तिथूनच पुन्हा चार फुटतील.

आता हायब्रीड टी ओळखायचा कसा. लांब दांडी, दांडीवर बहुतेक एकच फूल, कळी टोकदार, आणि उमलताना मधला भाग उंच राहते, बाहेरच्या पाकळ्या मागं वळतात. झुपक्यानं फुलला तर तो बहुधा फ्लोरिबंडा, गुलाबाचा दुसरा प्रकार. गुलकंदाचा आपला गावठी गुलाब वेगळाच, पसरट फूल, आणि वास असा की फाटकापर्यंत येते. हायब्रीड टीची पहिली जात म्हणून फ्रान्सच्या गियो यांच्या १८६७ च्या 'ला फ्रान्स'चं नाव घेतात. आपल्याकडे डॉ. बी. पी. पाल होऊन गेले, गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, त्यांनीही गुलाबाच्या कितीतरी जाती काढल्या. गव्हावाला माणूस गुलाबात एवढा रमला, हे मला फार आवडते.

जातीचं नाव मात्र एका फुलावरून ठरवू नका. 'पीस' हिवाळ्यात पिवळा, काठाला गुलाबी, आणि उन्हाळ्यात तेच फूल फिकट. 'डबल डिलाइट'ची लाल कडा तर ऊन लागेल तशी वाढत जाते. वर्षभर बघा, मग नाव लिहा.

छाटणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस पूर्ण उघडल्यावर. वाळक्या, रोगट, आत वळलेल्या फांद्या आधी काढायच्या, बाकीच्या बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडं वर तिरप्या कापायच्या आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावायची, नाहीतर तिथूनच फांदी वाळत खाली येते. साधारण दीड महिन्यानं फुलं. पानाला काळे ठिपके पावसाळ्यात येतात, अशी पानं गोळा करून जाळा, झाडाखाली पडू देऊ नका.

त्या काकूंनी मे महिन्याचं विचारलं, बरोबर विचारलं, पारा पंचेचाळीसच्या वर जाते तेव्हा झाड जगवणं हेच काम. तेव्हा छाटायचं नाही, खताचा मारा नाही. पऱ्हाट्यांचा मांडव करून दुपारची सावली द्या, बुडाशी सोयाबीनचं कुटार पसरवा, पण जोडाला टेकू देऊ नका, आणि जिथं उदई, म्हणजे वाळवी, आहे तिथं कुटाराखाली दर आठवड्याला बघा. पाणी सकाळी, मुळाशी. कळी आली तरी त्या दिवसांत खुडून टाकलेली बरी, जीव कळवळते पण झाडाची ताकद वाचते.

चला, ही कुंडी आता मधात ठेवते. हिला दोन फुटी आल्या आहेत, एक वरची आणि एक खालची. माती तुम्हीच उकरा मावशी, आणि सांगा कोणती काढायची.